शिंगमोडीची जागा

आश्विनात सागाचं पान जाळीचं होतं. एक बारीक अळी त्याचा हिरवा भाग खाते आणि शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. पंधरा-वीस दिवसांत डोंगरउतारावरचे सगळे साग तपकिरी होतात. लांबून पाहणाऱ्याला वणवा लागून गेल्यासारखं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की पानं झाडावरच आहेत, फक्त त्यांच्यातून पलीकडचं दिसतं. तसं एक पान तोंडावर धरलं तर समोरचं शेत, बांध, माणूस, सगळं बारीक चौकटींत वाटलं जातं आणि थोडं दूर गेल्यासारखं दिसतं.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना सापगाव मागे पडलं की उजव्या हाताला आमच्या गावाचा फाटा लागतो. आमच्या गावात मुलं आश्विनभर या पानांवर डोळा ठेवून असतात. फार लवकर तोडलं तर जाळी पुरती झालेली नसते, उशीर केला तर पान हातात चुरतं. वसुबारसेच्या आदल्या दोन दिवसांत तोडलेलं पान बरोबर. ते गुंडाळून त्याची नळी करायची, बांबूच्या काड्यांनी टाचायची, खाली काठीचं टोक चार ठिकाणी चिरून त्यात कारिटाचं अर्धं बसवायचं. नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली फोडतात तेच हे कडू कारीट. त्यातला गर काढला की वाटी होते. वाटीत तेल, तेलात वात, भोवती पान. पेटवल्यावर उजेड जाळीतून बाहेर पडतो आणि धरणाऱ्याच्या अंगावर, रस्त्यावर, गोठ्याच्या कुडावर शिरांची सावली हलत राहते.

वसुबारसेला दिवेलागणीच्या वेळी मुलं हे कंदील घेऊन रांगेनं निघतात आणि गावातली गुरं ओवाळतात. गाणं सगळ्यांना पाठ असतं, ते महाराष्ट्रभर आहे. रांग मात्र आमची आमची आहे आणि तिचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. सातवीपर्यंतची मुलंच रांगेत चालतात. आठवीत गेलं की सुटका. ज्याचं पान जळेल त्यानं मुकाट शेवटी जायचं. प्रत्येक घरानं रांगेला मूठभर पोहे आणि पळीभर तेल द्यायचं. ते तेल घ्यायला, वाती भिजत्या ठेवायला आणि कुणी पेटलंच तर विझवायला एक मोठा माणूस शेवटून चालतो. त्याला तेलवाला म्हणतात. तेलवाल्यानं बोलायचं नसतं. का, ते कुणाला सांगता येत नाही. माझ्या आधीच्या तेलवाल्यानं एवढंच सांगितलं होतं की मोठं माणूस बोललं की रांग मोठ्यांची होते.

दिवाळीला मी चार दिवस रजेवर येत असे. घरात लोकांच्या पायात येण्यापलीकडे माझा उपयोग नव्हता, म्हणून हे काम सलग पाच वर्षं माझ्याकडे राहिलं. त्यातल्या तिसऱ्या वर्षाची ही हकिकत.

रांग कुठून कुठे जाते हे गल्ल्यांवरून किंवा आडनावांवरून ठरत नाही, गुरांवरून ठरतं. त्याला मुलं यादी म्हणतात, पण ती कागदावर नसते. पुढे चालणाऱ्यानं ती तोंडपाठ म्हणायची आणि मागच्यांनी आपसूक शिकायची. त्या वर्षापर्यंतची यादी अशी होती: आधी लाथाडी, मग दोघी बहिणी, मग शेपूटतुटका, मग चांदवी, मग शिंगमोडी, मग तांबडा, मग खोडकरीण, सगळ्यात शेवटी देवळामागची. घराच्या मालकाचं नाव त्यात कुठेच येत नाही. उलट माणसंच गुरांवरून ओळखली जातात. माझ्या चुलत्यांची बायको, आमची काकी, लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून मुलांच्या तोंडी शिंगमोडीवाली होती. पहिली शिंगमोडी गेली, तिच्या जागी तिची लेक आली. लेकीची दोन्ही शिंगं धड होती तरी नाव तेच राहिलं. शेवटी म्हातारी झालेली म्हैस ही तिसरी शिंगमोडी.

ती म्हैस त्या वर्षी श्रावणात विकली गेली. काकीच्या गुडघ्यांना गवताचा भारा सोसत नव्हता. मुलगा आसनगावहून लोकल पकडून कामाला जाणारा, सकाळी पाचला बाहेर आणि रात्री नऊला घरात. म्हैस त्यानं बघायची कधी? काकीनं स्वतःच टेम्पो बोलावला, स्वतःच दावं सोडलं. नंतर तिनं गोठा सारवला आणि मुलानं तिथे मोटारसायकल लावायला सुरुवात केली. 

गुरं गेली की घर यादीतून जातं. ठरवून कुणी काढत नाही, म्हणताना ते येत नाही एवढंच. माझ्या पाहण्यात अशी दोन घरं गेली होती. त्यातल्या एका घरची म्हातारी आदल्या वर्षी ओसरीवर पोह्यांचं ताट घेऊन बसली होती. रांग गाणं म्हणत तिच्या समोरून निघून गेली. मुलांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, कारण पुढचा गोठा कुठला एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. शेवटून मी होतो. तिनं ताट मांडीवरून खाली ठेवलं आणि पदरानं झाकलं. समोरच्या दारात काकी शिंगमोडीला धरून उभी होती. तिनंही ते पाहिलं.

वसुबारसेच्या सकाळी आमच्या अंगणात मुलं पानं टाचत बसली होती. त्या साली पुढे चालायचा मान माझ्या पुतणीचा होता. बारा वर्षांची, सातवीत, वेणी घट्ट, आवाज खणखणीत. ती काड्या तासत यादी म्हणत होती आणि बाकीची पोरं तिच्यामागून म्हणत होती. काकी कढीलिंब तोडायला आली होती.

“मग शेपूटतुटका, मग चांदवी, मग तांबडा…”

काकीचा हात फांदीवर थांबला. मुलांच्या म्हणण्यात कुठेही अडखळणं नव्हतं. चांदवीनंतर तांबडा, जणू मध्ये कधी काही नव्हतंच.

“चांदवीनंतर काय गो?” काकीनं विचारलं.

“तांबडा,” पुतणी म्हणाली. वर न बघताच.

“मधलं एक राहिलं.”

आता तिनं वर पाहिलं. काय राहिलं ते तिला ठाऊक होतं. काडी तशीच हातात धरून ती म्हणाली, “आजी, तुज्याकडं आता म्हैस नाय ना.”

“म्हैस नाय. गाय हाय.”

“कुठंय? काल तर गोठ्यात गाडी होती.”

“आज येतेय. सांजच्याला बघ.”

पोरांमध्ये चुळबूळ झाली. पुतणीनं क्षणभर विचार केला. नियमाप्रमाणे गाय असेल तर ती यादीत आली पाहिजे.

“नाव काय तिचं?”

“तुमी बघाल तवा ठेवा.”

“तवर नवी म्हणतो,” पुतणी म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू झाली. “… मग चांदवी, मग नवी, मग तांबडा.” दोनदा म्हटल्यावर सगळ्यांना पाठ झालं.

काकी कढीलिंब न घेताच निघाली. जाताना तिनं मला खुणेनं कुडाच्या मागे बोलावलं.

‘आज येतेय’ म्हणाली तेव्हा गाय कुठून येणार हे तिलाही माहीत नव्हतं, पण कुडामागे येईपर्यंत तिला सुचलं होतं. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर तिची धाकटी बहीण राहते. तिच्याकडे एक गाय होती, महिन्यापूर्वी व्यायलेली. ती एका संध्याकाळपुरती आणायची आणि रांग गेली की पोचवायची, असा काकीचा बेत होता. आणायला मी जायचं, कारण मी वर्षातले चारच दिवस गावात दिसतो आणि माझ्या हातात दावं पाहून कुणाच्या मनात काही येणार नाही.

“आणि वासरू?” मी विचारलं.

“वासरू नको. त्याच्या कपाळावर तो टिळा हाय ना पांढरा. बघितलं की सारी ओळखतील कुणाचं ते. तासाभराचा तर खेळ. ऱ्हाईल गाय.”

वासरू मागे ठेवून दुभती गाय हलवायची नसते, हे तिला शिकवायची गरज नव्हती. पन्नास वर्षं तिनं गुरं सांभाळली होती. पण तिला तेव्हा एकच दिसत होतं, चांदवी आणि तांबडा यांच्यामधली ती जागा. मलाही माझी बुद्धी वापरता आली असती. मी दावं घेतलं आणि गेलो.

दुपारी गाय आणली. ती शांतपणे आली, ओढ्यात पाणी प्याली, दोनदा मागे वळून हंबरली. काकीनं गोठ्यातली मोटारसायकल आधीच मागच्या पडवीत ढकलून ठेवली होती. जुना खुंटा पुन्हा ठोकला होता. मी गाईची मान धरली आणि तिनं शिंगांना हळद लावली, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि पुढ्यात हिरवं गवत टाकलं. गाईनं गवताला तोंड लावलं नाही. ती ओढ्याच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली.

दिवेलागणीला रांग निघाली. चौदा मुलं होती. वारा पडला होता आणि भातकापणी अर्धी झाल्यामुळे हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता. पुढच्या मुलांचे कंदील वळणावर गेले की मागच्यांना फक्त कुडावरची सावली दिसायची: मोठमोठ्या शिरा, झाडाच्या मुळांसारख्या, एका घरावरून दुसऱ्या घरावर सरकणाऱ्या. कोणी मूल काठी वर धरी, तेव्हा ती मुळं छपरावर चढत. लाथाडी ओवाळली. दोघी बहिणी ओवाळल्या. त्यातली एक कंदिलाकडे इतका वेळ टक लावून बघत राहिली की तिच्या दोन्ही डोळ्यांत दोन जाळीदार उजेड स्पष्ट दिसले. धाकटी मुलं ते बघायला वाकली आणि एकाचं पान पेटलं. मी ते चिमटीत विझवलं. तो मुकाट माझ्या पुढ्यात येऊन चालू लागला.

शेपूटतुटका झाला. चांदवी झाली. तिथून काकीच्या घराकडे जायचं तर रांगेला ओढ्याकडच्या गाडीवाटेवरून शंभरेक पावलं जावं लागतं. दोन्ही बाजूंना उशिरा पिकणारं, अजून उभं असलेलं गरवं भात. अंधार नुकता झाला होता.

समोरून घंटेसारखा ठेक्यातला, पण घासटणारा आवाज आला. खर्र, थांब. खर्र, थांब. मग उजेडाच्या कडेला दोन पिवळी शिंगं दिसली. गळ्यात झेंडूची माळ असलेली एक गाय एकटी, ठरलेल्या चालीनं, रांगेच्या दिशेनं येत होती. दाव्याच्या टोकाला उपटलेला खुंटा दगडांवरून घासत येत होता. तिनं कंदिलांकडे पाहिलं नाही. रांग आपोआप दोन बाजूंना फाकली, आणि ती मधून निघून गेली. तेरा जाळ्यांची सावली एकेक करून तिच्या पाठीवरून सरकली. पुढे गाडीवाट सोडून ती बांधावर चढली आणि ओढ्याकडे वळली.

मुलं मागे वळून बघत राहिली.

“कोणाची गो ही?” पान जळालेल्या मुलानं विचारलं.

“पल्याडची,” एक मुलगी म्हणाली. “तो टिळ्याचा वासरू नाय का, त्याची आई. मामाकडं जाताना माळावर चरताना बघते मी.”

“मग हिकडं काय करते?”

पुतणीनं कंदील वर उचलला आणि माझ्याकडे वळली. तेलवाल्याला काही विचारायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं विचारलं नाही. फक्त म्हणाली, “काका, तुज्या शर्टाला हळद लागलीय.”

पोरं हसली. मी तेलाची बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“चला,” ती म्हणाली. “पुढं नवी.”

काकी दारात उभी होती. एका हातात ताट, दुसऱ्या हातात तेलाची लोटी. तेल आणायला ती आत गेली होती तेवढ्यातच गाय गेली होती, हे तिनं नंतर सांगितलं. गोठ्यातला बल्ब पेटलेला होता. जमिनीत खुंट्याचं भोक, शेजारी न खाल्लेलं गवत, आणि संध्याकाळीच पुन्हा सारवलेल्या भुईवर खुरांची एकच बाहेर जाणारी रांग. मुलं गोठ्याच्या तोंडाशी अर्धगोल करून थांबली. सगळा उजेड त्या भोकावर पडला होता.

“आताच व्हती,” काकी म्हणाली.

“आजी, तुजी गाय चालली घरी,” पान जळालेला मुलगा म्हणाला. त्याला शेवटी चालावं लागल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता. “खुंटा पन घेऊन गेली.”

पुन्हा हसू झालं. मागच्या पडवीत मोटारसायकलचा आरसा चमकला, तशी एक जण म्हणाली, “गाडीला ओवाळू काय? तिला पन दोन शिंगं हायत.”

“गप गो.” पुतणीचा आवाज. मग जरा थांबून, “नायतर खुंट्याच्या जागेला ओवाळू.”

“नको.” काकी पटकन पुढे आली. “रिकाम्या जागेला दिवा नाय दावायचा. जनावर मेल्यावर दावतात तो. नका पोरांनो.”

तिनं ताट ओट्यावर ठेवलं. लोटी हातातच राहिली. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ती माजी नव्हती. माज्या बहिणीची. मीच आणवली.”

“आमाला ठाव हाय,” पुतणी म्हणाली.

“कवापास्नं?”

“आता वाटेत दिसली तवापास्नं.”

“मग आलात कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर पुतणीला सोपं होतं. तिनं ते गणिताच्या बाईंनी फळ्यावर मांडावं तसं मांडलं. सकाळी गाय यादीत घातली. यादी सगळ्यांनी म्हटली. आता नवीला ओवाळल्याशिवाय तांबड्याला ओवाळता येत नाही, कारण तांबडा नवीनंतर येतो. तांबडा राहिला तर खोडकरीण राहते, खोडकरीण राहिली तर देवळामागची राहते. गाय कुणाची हे यादीत कुठे येतं? ती कुठे आहे एवढंच बघायचं.

“ती तर ओढ्यापल्याड गेली,” कोणीतरी म्हणालं.

“मग आपण पन जायचं.”

रांग कधी गावाबाहेर गेली नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठं माणूस म्हणून ‘नाही’ म्हणायला ही जागा योग्य होती. मी बाटलीचं बूच घट्ट लावलं.

“पाड्यावर घर कुठलं ते आमाला नाय माहीत,” पुतणी काकीला म्हणाली. “तू दाव.”

काकीनं तिच्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. “आज वसुबारस,” ती हळू आवाजात म्हणाली, बहुधा स्वतःलाच. “गायवासराचा दिस. आणि मी आजच्याच दिवशी वासरू तोडलं तिचं.” तिनं पायात चपला सरकवल्या, दाराला कडी घातली आणि रांगेच्या पुढे, पुतणीच्या बरोबरीनं उभी राहिली. लोटी तिनं ठेवली नाही.

ओढ्यापर्यंतचं अंतर दिवसा सात मिनिटांचं आहे. त्या संध्याकाळी किती लागली हे मला सांगता येणार नाही, आणि एरवी वेळ बघण्याची मला सवय आहे. काकीचे गुडघे जसे चालतील तशी रांग चालली. एवढ्या हळू रांग कधीच चालली नव्हती, त्यामुळे वाती हलत नव्हत्या. जाळीची सावलीही हलेना. बांधाच्या दोन्ही अंगांना भाताच्या लोंब्यांवर ती नुसती टेकल्यासारखी पडली होती, आणि मुलं पुढे जात होती तशी ती एका लोंबीवरून दुसरीवर अलगद उतरत होती. दव पडायला लागलं होतं. मुलांनी गाणं म्हणणं सोडलं, कुणी सांगितलं नव्हतं. ओढ्याशी पाण्यात दगड टाकलेले आहेत. काकीनं एका हातानं पुतणीचा खांदा धरला, दुसऱ्या हातातली लोटी उंच केली आणि एकेक दगड चाचपत गेली. तिच्यामागे मुलं एकेक करून गेली. चौदा दिवे पाण्यावर, चौदा पाण्यात. शेवटून मी ओलांडत होतो, तेव्हा पुढची पलीकडच्या चढावर पोचली होती. ओढ्यातून बघताना ती मुलं वाटत नव्हती. सागाचं एखादं झाड आतून पेटून सावकाश वर चाललं आहे असं वाटत होतं.

पाड्यावरचा पहिला कुत्रा भुंकला, मग दुसरा. काकीची बहीण दारात आली.

“आगो बाय! ही कसली वरात आणलीस गो?”

“तुज्या गाईची,” काकी म्हणाली.

“ती मगाच आली. खुंटा घेऊन आली तुजा. मी म्हटलं बहिणीनं खुंटा आहेर केला.” ती हसता हसता थांबली, कारण काकी हसत नव्हती. मग ती बाजूला झाली.

गोठ्यात गाय उभी होती आणि टिळ्याचं वासरू तिच्या कासेला लागलं होतं. ते धडका देत पीत होतं, शेपूट उडत होती, तोंडाशी फेस आला होता. गाईनं मान वळवून त्याची पाठ चाटायला घेतली होती. गळ्यातली माळ अर्धी तुटून भुईवर लोंबत होती. मुलं आत शिरली, तरी दोघांनी आपलं काम सोडलं नाही. पुतणीनं कंदील गोल फिरवला, मग तिच्यामागच्यानं, मग त्याच्यामागच्यानं. गाणं पुन्हा सुरू झालं, पण खालच्या पट्टीत, वासरू पीत असल्यामुळे असेल. सगळ्यांत शेवटी पान जळालेल्या मुलानं आपली उघडी वात फिरवली. काकी गोठ्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं गाईच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

तेल घ्यायची वेळ आली. बहीण पळी आणायला आत वळली, तशी काकी म्हणाली, “तू थांब. हिचं तेल माजं.” गावातून, बांधावरून, ओढ्याच्या दगडांवरून सांभाळत आणलेली लोटी तिनं माझ्या बाटलीवर वाकडी केली. पळीभर द्यायचं असतं. तिनं सगळी ओतली. बाटली भरून तेल माझ्या बोटांवरून मनगटाकडे गेलं. मी बोलू शकत नव्हतो म्हणून तिनंच म्हटलं, “ऱ्हाऊदे. वाटेत लागंल.”

परत येऊन रांगेनं तांबडा, खोडकरीण आणि देवळामागची ओवाळली. उशीर का झाला असं तिन्ही घरांनी विचारलं. मुलांनी एकच उत्तर दिलं, “मधी नवी होती.”

पुढच्या वर्षी पुतणी आठवीत गेली आणि रांगेतून सुटली. पुढे चालणारा मुलगा दुसरा होता. सकाळी आमच्या अंगणात यादी चालू होती ती मी घरातून ऐकली. चांदवीनंतर ‘नवी’ आलं नाही. आलं ते ‘आजी’. मग चांदवी, मग आजी, मग पल्याडची, मग तांबडा. आजीला घरातून घ्यायचं आणि पल्याड जायचं, असा त्याचा अर्थ होता. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी तसंच झालं. काकी लोटी घेऊन दारात तयार असे.

तेलवाल्याचं काम आता दुसऱ्याकडे आहे. गेल्या दिवाळीला मी काकीच्या ओट्यावर बसलो होतो. तिला आता काठीशिवाय उभं राहता येत नाही, ओढा तर लांबच. गोठ्यात मोटारसायकल होती. तिनं सकाळीच निरोप पाठवला होता की मला घ्यायला थांबू नका, सरळ पल्याड जा. लोटी मात्र भरून तिच्या पायाशी ठेवलेली होती.

रांग आली. या मुलांपैकी एकानंही ती पहिली गाय पाहिलेली नाही. ती गाय गाडीवाटेवरून चालत आली तेव्हा यांतली काही जन्मलेली होती, पण पाळण्यात. पुढे चालणारी मुलगी दहा वर्षांची असेल. ती ओट्याशी थांबली आणि तिनं कंदील काकीच्या डोक्याभोवती फिरवायला सुरुवात केली.

“आगो, काय करतेस?” काकी मागे सरकली. “मी काय गाय हाय?”

मुलगी थांबली नाही. जाळीची सावली काकीच्या कपाळावरून गालावर, गालावरून पदरावर उतरत होती. मागची मुलं आपापल्या काठ्या सावरून पुढे सरकली होती.

“यादीत हायस तू,” मुलगी म्हणाली. “हलू नको आजी. पान जळंल.”

काकी हलली नाही.